मुलांना व्यसनाचा पाठ कसा द्यावा

वैशाखात शाळांना सुट्टी लागली की आमच्या गावी मुलांचा भजनवर्ग बसतो. पहाटे काकडा, मग हरिपाठ, दुपारी टाळ-पखवाज, आणि सायंकाळी तासभर आम्ही काही सांगावे असा रिवाज आहे. आरंभीच्या वर्षांत त्यांपैकी एक सायंकाळ आम्ही व्यसनाच्या विषयाला देत असू. आज त्या विषयाला चार सायंकाळी लागतात, आणि त्यांत आम्ही जे सांगतो ते पूर्वी सांगत होतो त्याच्या पुष्कळ अंशी उलट आहे. हे असे का झाले ते वाचक माउलींपुढे मांडले तर ज्या ज्या गावी असे वर्ग चालतात तेथील महाराज मंडळींना व आईबापांना त्याचा थोडा उपयोग होईल, या हेतूने हा लेख लिहिला आहे. लेखात प्रमाणाचे अभंग दिलेले नाहीत. संतांनी व्यसनाचा निषेध केला आहे हे वाचकांस सांगावयास नको. अडचण निराळीच आहे.

पूर्वीचा आमचा पाठ सोपा होता. दारुड्याची नक्कल करावयाची, फेटा वाकडा करून चार पावले झोकांड्या खात चालावयाचे; पोरे पोट धरधरून हसत. मग आवाज चढवून सांगावयाचे की एक घोट, एक झुरका, की माणूस संपला. शेवटी सगळ्यांनी हात वर करून शपथ घ्यावयाची. आम्हास वाटे, झाले काम. एके वर्षी वर्ग सुटल्यावर देवळामागच्या पारावर दोन मुले बोलत होती, आम्ही पलीकडे हातपाय धूत होतो. एक म्हणाला, "महाराज म्हणतात एका झुरक्यात माणूस संपतो. आमचा आतेभाऊ दोन वर्षं ओढतोय, अजून कबड्डीत सगळ्यांना पाडतो." दुसरा म्हणाला, "अरे, महाराजांना काय ठावं त्यातलं!"

राग आला, पण मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. पाठशाळेत आम्ही लहानपणी तर्कसंग्रह घोकला. शब्द हे प्रमाण केव्हा, तर तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त कोण, तर जे जसे आहे ते तसेच सांगणारा. ही व्याख्या आम्ही शेकडो वेळा उच्चारली असेल. परंतु मुलांपुढे भीती घालण्याकरिता आम्ही जे आहे त्याहून अधिक सांगत होतो, आणि एका ठिकाणी आमचे बोलणे डोळ्यांदेखत खोटे ठरले की पुढचे खरे बोलणेही पोरे त्याच्याबरोबर टाकून देत होती. गांजाविषयी आम्ही अतिशयोक्ती केली, म्हणून एमडीविषयी आम्ही सांगितलेले सत्य कोणी ऐकेना. हल्ली या विषयाचे अभ्यासकही हेच सांगतात. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिस शहरात पोलिसांकरवी शाळांतून व्यसनविरोधी पाठ देण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला आणि देशभर पसरला. पुढे त्याची तपासणी झाली तेव्हा पाठ घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साली या विषयाचे जे निकष प्रसिद्ध केले त्यांतही नुसत्या भीतीने व नुसत्या माहितीने काम होत नाही, असेच आहे.

तरीही आमचा पाठ बदलला तो हे वाचून नव्हे. तो बदलला दिवे घाटात.

२०१४ सालची वारी. आमच्याच गावचा एक तरुण, वय सव्वीस, टेम्पो चालवी. पंधराव्या वर्षापासून पिणारा, शेवटची काही वर्षे रोज सकाळपासून. त्याची आई आमच्या पाया पडली, "महाराज, एवढं पोर तुमच्या पदरात घ्या." ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीत प्रस्थानाच्या दिवशी इंद्रायणीवर त्याला स्नान घातले, गळ्यात माळ घातली, ज्ञानेश्वरीवर हात ठेवून या क्षणापासून बंद अशी शपथ घेतली. पोर आज्ञाधारक, त्याने खरोखरच बंद केली. आम्हास धन्य वाटले, आणि त्या रात्री दिंडीत चार लोकांपुढे आम्ही त्याचा उल्लेखही केला, हे आता लिहिताना बरे वाटत नाही.

नवमीस पुण्यात त्याच्या हाताला कंप सुटला. दशमीस घाम, झोप नाही, अन्नावर वासना नाही. टाळकरी म्हणाले, पहिल्या वारीचा शीण आहे. एकादशीस पालखी पुण्याहून सासवडला निघते. दिवसभराची लांब चाल, उपवास, त्यात दिवे घाटाची चढण. घाट अर्धा चढला असेल-नसेल, तो अंगावरून मुंग्या झटकू लागला. मुंगी एकही नव्हती. मग समोर नसलेल्या कुत्र्याला हाकलू लागला, कोणाला ओळखेना, आणि रस्त्याच्या कडेला पडून त्याला झटका आला. कोणी म्हणाले बाधा झाली. कोणी म्हणाले पूर्वीचं पाप बाहेर पडतंय, पडू द्या. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. आणि आम्ही त्याच्या कानाशी बसून नाम सांगत राहिलो. किती वेळ गेला असेल! अर्धा तास तर सहज गेला.

मागून येणाऱ्या एका दिंडीतल्या वयस्क बाई थांबल्या. पूर्वी त्या दवाखान्यात परिचारिका होत्या. त्यांनी एकच विचारले, "हा पीत होता का? कधी सोडली?" आम्ही सांगितले, परवाच्या परवा. बाईंनी त्याला कुशीवर वळवले, गर्दी मागे सारली, आणि १०८ ला फोन लावावयास सांगितले. घाटातल्या त्या गर्दीतून गाडी वर येईपर्यंत त्याला दुसरा झटका येऊन गेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीएवढ्या. रात्री बाहेर येऊन म्हणाल्या, "महाराज, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं होऊ शकतं. हात कापतात, फिट येते, भास होतात. यात माणूस दगावतोही. दारू सोडवायचीच, पण औषध देऊन, नजरेखाली ठेवून. याला एकदम सोडायला कोणी सांगितलं?"

"आम्ही," एवढा एक शब्द बोलावयास आम्हास बराच वेळ लागला.

तो वाचला. वारीहून परतल्यावर ही गोष्ट आम्ही पाठशाळेतल्या एका सहाध्यायांना सांगितली. ते पुढे वैद्य झाले. त्यांनी काही न बोलता चरकसंहिता उघडून सूत्रस्थानाचा सातवा अध्याय पुढे ठेवला. ज्या अहितकारक गोष्टीची शरीराला सवय जडली आहे ती शहाण्याने क्रमाक्रमाने, अंशाअंशाने सोडावी, एकदम नव्हे, असे त्यात स्पष्ट आहे. सवयीने शरीराच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टीला ओकसात्म्य असा शब्द आहे. विषसुद्धा असे अंगवळणी पडते, आणि मग ते काढून घेतानाही शरीर कोसळते. चिकित्सास्थानात तर मदात्ययावर, म्हणजे मद्यापासून होणाऱ्या रोगावर, चोविसावा अध्याय सबंध खर्ची घातला आहे. पिणाऱ्याच्या पापाची चर्चा करणारे ग्रंथ आपल्याकडे पुष्कळ आहेत. चरकाने त्याला रोगी म्हणून समोर बसवले. दोन हजार वर्षांच्या घरात गेलेले हे ज्ञान आमच्या कपाटात होते, आणि आम्ही घाटात कांदा हुंगवीत होतो!

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. अंशाअंशाने सोडावे याचा अर्थ घरच्या घरी पेले मोजीत बसावे असा कोणी करू नये. रोज पुष्कळ पिणाऱ्याची, आणि तसेच झोपेच्या गोळ्यांची सवय लागलेल्याची, सोडवणूक डॉक्टरांच्या हातीच द्यावी. किती, कसे, किती दिवसांत ते त्यांनी ठरवावे. तंबाखू एकदम सोडली तर जीव कासावीस होतो, धोका नाही. गर्दवाल्याचे हाल फार होतात, त्यालाही औषधाचा आधार लागतो. पण माळ घालावयास आलेल्या तरुणाला आम्ही आता पहिला प्रश्न विचारतो तो हा, की बाबा, रोज किती आणि किती वर्षे? उत्तर ऐकून काहींना माळेच्या आधी दवाखान्यात पाठवितो. माळ कुठे पळून जात नाही.

असो. मुलांच्या वर्गाकडे वळू.

आरंभ आम्ही तंबाखूपासून करतो, कारण ती आपल्याच चंचीत आहे. माळेच्या नेमात मद्य आणि मांस आले, तंबाखू आली नाही. येणार कशी? तंबाखू पोर्तुगीजांच्या गलबतांतून या देशी आली, तिचा इकडे प्रसार सतराव्या शतकातला. जुन्या नेमांत तिचे नाव नाही, एवढी पळवाट आपणा वारकऱ्यांना पुरली. दिंडीत विसाव्याला बसलेले गोल पाहा. चुन्याची डबी एका हातातून दुसऱ्या हातात फिरते आणि पोरे ती पाहत असतात. आमच्या मातोश्री मशेरी लावीत. दात दुखतो म्हणून आम्हास पहिली मशेरी त्यांनीच लावली, वय असेल सात-आठ. आम्ही स्वतः एकतीस वर्षे तंबाखू खाल्ली, गळ्यात माळ असताना, आणि तोंडातला बार थुंकून व्यासपीठावर चढलो आहोत. चार वेळा सोडली, चार वेळा धरली. २०१६ साली गालाच्या आत पांढरा चट्टा आढळला आणि डॉक्टरांनी तपासणीसाठी तुकडा काढला, तेव्हा पाचव्यांदा सोडली ती सुटली. हे सर्व आम्ही मुलांना सांगतो. पूर्वी लपवीत होतो. लपविले तरी पोरांना वास येतच होता.

मग तीन बोटांची परीक्षा. आपल्या हाताची मधली तीन बोटे एकावर एक येतील अशी उभी धरून तोंडात घालावयाची. निरोगी तोंडात ती जातात. एका वर्षी नववीतल्या एका मुलाची दोनच गेली. सगळे हसले, तोही हसला. नंतर बाजूला घेऊन विचारले तर तो शपथेवर म्हणाला, गुटखा कधी खाल्ला नाही. ते खरेच होते. पाचवीपासून तो गोड सुपारीच्या पुड्या खात होता, रोज पाच-सहा. शाळेत कोणी हटकत नसे, घरी तर आजीच देत असे. सुपारीने तोंडाची आतली कातडी आवळत जाते, तोंड उघडेनासे होते, तिखट लागले की आग होते. आणि पुढे त्याच जागी कर्करोग होण्याचा संभव वाढतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कर्करोग आणते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात नमूद केले आहे. सुपारी तर आपल्या पूजेत आहे, विड्यात आहे, लग्नाच्या याद्यांत आहे. आमचे एवढेच म्हणणे की देवापुढे ठेवलेली सुपारी देवापुढेच असू द्यावी.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकू नये आणि शाळेपासून शंभर यार्डांत तिचे दुकान असू नये, असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे. लहान मुलाच्या हाती मादक पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आणि आपण काय करतो? बाप ओट्यावरून हाक मारतो, "जा रे, टपरीवरनं पुडी आण." दुकानदाराने दिली तर गुन्हा त्याचा, पण पोराला त्या टपरीची वाट कोणी दाखविली? घरात हा एक निरोप बंद झाला तरी आमच्या चार सायंकाळींपैकी एक वाचेल.

दुसरी गोष्ट हुंगण्याची. हिच्याकडे आईबापांचे लक्षच नसते, कारण ती नशा म्हणून दुकानात विकली जात नाही. पंक्चर काढायचे सोल्यूशन, खाडाखोडीचे व्हाइटनर, रंगातले थिनर, असल्या वस्तू फडक्यावर घेऊन मुले हुंगतात. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करविली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. इतर बहुतेक नशांत मोठी माणसे पुढे आहेत, पण हुंगण्यात मुले पुढे : दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. या नशेचा एक विशेष धोका आहे, तो प्रत्येक आईबापाने, मास्तराने ध्यानात ठेवावा. हुंगलेल्या मुलाचे हृदय अशा अवस्थेत असते की एकाएकी भय बसले किंवा जोराने धावावे लागले तर ते तिथल्या तिथे बंद पडू शकते. तेव्हा मूल हुंगताना सापडले तर ओरडत अंगावर धावून जाऊ नये, पाठलाग करू नये, मारू नये. शांतपणे बोलावे, मोकळ्या हवेत बसवावे, बरोबर राहावे, ग्लानी आली तर दवाखान्यात न्यावे. रागावणे दुसऱ्या दिवशी करता येते.

गांजा, गर्द, गोळ्या आणि एमडी यांचे बोलणे आम्ही नववीच्या पुढच्या मुलांशीच करतो. पाचवीच्या पोराला ती नावे कशाला? पण मोठ्या मुलांना ती नावे आमच्या आधी ठाऊक असतात. मेफेड्रोन म्हणजे एमडी. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले. ते शहरातल्या श्रीमंतांचे दुखणे आहे असे समजण्याचे दिवस गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर छापा घालून शेकडो किलो एमडी पकडले. तुकोबारायांची पालखी ज्या वरवंड-पाटसवरून जाते, तेथून कुरकुंभ हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. मुलांना आम्ही सांगतो ते असे : पहिल्याने अंगात दहा माणसांचे बळ आल्यासारखे वाटते, हे खरे आहे, झोप उडते, भूक मरते, छाती धडधडते, आणि उतरताना मन इतके काळवंडते की ते घालविण्याकरिता माणूस पुन्हा तिथेच जातो. शिवाय पुडीत नक्की काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. एवढे पुरते. कसे घेतात, कुठे मिळते, केवढ्याला मिळते, यातले अक्षरही आम्ही उच्चारीत नाही.

गांजाचे बोलणे निघाले की दरवर्षी एक प्रश्न ठरलेला. "महाराज, शंकर गांजा ओढतात ना?" यावर कीर्तनकारांचे एक तयार उत्तर आहे : शंकरांनी हलाहलही प्राशन केले, ते आधी पिऊन दाखव, मग चिलीम धर. आम्हीही ते पुष्कळदा दिले. सभा हसते, टाळी पडते. पण पोराच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे, पोराचे तोंड बंद करणे झाले. आता आम्ही सांगतो, की ओढणारे सगळे वेडे होत नाहीत. पण काहींचे डोके त्याने खरोखर फिरते, विशेषतः ज्यांच्या घराण्यात मनाचा आजार आहे त्यांचे, आणि ते कोणाचे फिरेल हे आधी कळत नाही. विशीच्या आत, मेंदूची घडण चालू असताना सुरू केले तर सवय लवकर जडते. स्मरण मंद होते. पखवाजाचे बोल ज्याला पाठ करावयाचे आहेत त्याला एवढे कारण पटते.

चौथ्या सायंकाळी आम्ही बोलत नाही, मुले बोलतात. व्यसन लावणारा कोणी काळा चष्मा घातलेला परका मनुष्य असतो असे आम्हास वाटे. मुलांनी आम्हास शिकविले की तो मामेभाऊ असतो, हळदीच्या रात्री डीजेपुढे नाचणारा, किंवा सामना जिंकल्यावर खांद्यावर हात टाकणारा संघातला मोठा मुलगा. त्याला नाही म्हणावयास शब्द सापडत नाहीत, हीच खरी अडचण. म्हणून दोघे दोघे समोरासमोर उभे राहतात; एकाने आग्रह करावयाचा, दुसऱ्याने टाळावयाचे. शब्द त्यांचे त्यांनीच शोधावयाचे. एक गाणारा पोरगा म्हणाला, "नको, सप्ताहात म्हणायचंय, आवाज बसतो." दुसरा म्हणाला, "बा वास घेतो माझ्या तोंडाचा." तिसऱ्याला काही सुचेना, तो नुसता उठून चालू लागला, आम्ही सर्वांत अधिक शाबासकी त्यालाच दिली.

त्याच सायंकाळी आम्ही आणखी एक पाठ देतो, आणि त्यावरून आमच्यावर रोष ओढवला आहे. मित्र नशेत पडला तर काय करावे, हा तो पाठ. त्याला एकटे सोडून पळू नये. पाठीवर उताणा ठेवू नये, ओकारी झाली तर श्वासात जाते, कुशीवर वळवावे. तोंडात पाणी, लिंबू, ताक काही घालू नये. कांदा, चप्पल हुंगवू नये. हाक मारून उठत नसेल, श्वास सावकाश व घरघरत चालत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर झोपला आहे, झोपू द्या, असे म्हणू नये. १०८ ला फोन करावा, आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे खरे सांगावे. गर्दने श्वास मंदावला असेल तर त्यावर उतारा म्हणून नॅलॉक्सोन नावाचे इंजेक्शन असते, पण काय घेतले ते कळल्यावाचून डॉक्टर तरी काय करणार? व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्याविषयी तर अधिक सावध असावे. मध्यंतरी शरीराची सवय मोडलेली असते. तो चुकून पूर्वीएवढेच घेईल तर तेवढेच जिवावर बेतते.

एका पालकांनी आम्हास विचारले, "महाराज, हे सांगून तुम्ही पोरांना वाट नाही का दाखवत?" प्रश्न रास्त आहे. मुंबईसारख्या शहरांत सुईने नशा घेणाऱ्यांना एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून स्वच्छ सुया मिळतात, आणि गर्दऐवजी डॉक्टरांच्या देखत जिभेखाली ठेवावयाची गोळी देतात, हे आम्ही प्रथम ऐकले तेव्हा आम्हासही चीड आली होती. सरकारने सुया वाटाव्या? मग कळले की एकाच सुईवर चौघांनी घेतल्याने एड्स व यकृताची कावीळ चौघांना, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या बायकांना होते. ज्याने अजून सोडलेले नाही तो उद्या सोडू शकेल, पण त्याकरिता तो उद्यापर्यंत जिवंत असला पाहिजे. दिवे घाटातल्या त्या बाईंनी त्याला आधी कुशीवर वळविले. माळेचे काय झाले ते नंतरही विचारले नाही. आम्ही त्या पालकांना हीच गोष्ट सांगितली. ते पटले असे म्हणाले नाहीत, पण मुलाला वर्गातून काढलेही नाही.

मुले पोलिसांना फार भितात, आणि त्या भीतीने दुखणे लपवितात. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात चौसष्ट-अ असे एक कलम आहे. व्यसनी मनुष्यावर नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असला, आणि तो आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार पुरे करील, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. विकणाऱ्याला ही सवलत नाही. सरकारची १४४४६ ही फुकट फोनची सोय आहे, तेथे नाव न सांगताही विचारपूस करता येते. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले, त्याला आरंभी पु. ल. देशपांडे यांनी द्रव्यसाहाय्य केले, ही गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. जिथे नेणे असेल तिथे आधी जाऊन पाहावे : डॉक्टर येतो का, घरच्यांना भेटू देतात का, मारझोड होत नाही ना. व्यसन सोडविण्याच्या नावाखाली साखळदंड घालणाऱ्या जागाही आम्ही पाहिल्या आहेत.

टेम्पोवाल्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. दवाखान्यातून आला तो चार महिने नीट राहिला, दिवाळीत पुन्हा प्याला. फडावर बैठक झाली. शपथ मोडली, माळ उतरवा, दिंडीतून काढा, असे वडीलधाऱ्यांचे मत पडले. माळेविषयी आम्ही त्यांचे ऐकले. दिंडीविषयी ऐकले नाही. प्यालेला असेल त्या दिवशी येऊ नको, नसशील त्या दिवशी चुकवू नको, एवढे त्याला सांगितले. पुढे आणखी दोन वेळा घसरला, एकदा केंद्रात राहून आला, आणि गेली सहा वर्षे घेत नाही. आम्ही त्याला मुलांपुढे नमुना म्हणून कधी उभे केले नाही. तो मागे खांबाशी झांज घेऊन बसतो.

यंदाच्या वर्गात सातवीतल्या एका मुलाने मान मागे वळवून त्यालाच विचारले, "काका, तुम्हाला परत प्यावीशी वाटते का हो?"

आम्ही त्या मुलाला दटावणार होतो. पण तो म्हणाला, "वाटते की. काल वाटली होती."

"मग काय केलं?"

"महाराजांना फोन लावला. महाराज झोपले होते. मग तुझ्या बापाला लावला. आम्ही दोघं मारुतीच्या पारावर एक वाजेपर्यंत बसलो होतो."

पोराने आमच्याकडे पाहिले. त्या रात्रीपासून आम्ही फोन उशाशी घेऊन निजतो.